वावरावरची जुनी लाइन: तार बदलायची वेळ आली हे कसं ओळखावं?

शेतकरी, दारव्हा
आमच्या वावरातून 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) लाइन गेली हाय, बाबांच्या काळातली. मे महिन्यात दुपारी तार लय झोल खाते. खाली वखरणी चालते, लेकरं असतात. तार बदलायला झाली हे कसं कळावं?

निवृत्त लाइनमन, आर्वी
भाऊ, वय पाहून तार बदलत नाहीत, हालत पाहून बदलतात. ही तार बहुतेक वीझल किंवा रॅबिट नावाच्या प्रकारातली असेल: मधात 1 पोलादी धागा, भोवती 6 ॲल्युमिनियमचे. पोलादावरचा जस्ताचा थर गेला की गंज आतून चढतो, खालून पत्ता लागत नाही. तार कुठं फुगली, पांढरी भुकटी दिसली, धागा तुटून लोंबला, तर ती तार गेली समजा. दोन खांबांत तीन-चार सांधे असतील तर ती वारंवार तुटली आहे. सैल सांधा तापतो, रात्री ठिणगी दिसते.

उन्हानं तार लांबते, म्हणून झोल मे महिन्यातच पाहावा. शेतात जमिनीपासून किमान 4.6 मीटर पाहिजे. पण बांबू लावून मोजू नका, हात जोडून सांगतो!

शेतकरी ताई, वणी
काका, आमच्याकडं खांबच वाकला होता. तोही पाहायचा ना?

निवृत्त लाइनमन, आर्वी
हो ताई, आधी खांब अन् ताण. तार धड असेल तर खांब सरळ करून ओढून घेतली तरी भागते. खांब क्रमांक अन् लांबून काढलेला फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तार तुटून पडली तर जवळ न जाता 1912 हा वीज तक्रारीचा नंबर लावा.