सागरी गवताची पुनर्लागवड: रोपे जवळच्या एकाच कुरणातून आणावीत का?

धागाकर्ता: उजाड झालेल्या समुद्रतळावर सागरी गवत पुन्हा लावताना सर्वांत जवळच्या एकाच कुरणातून रोपे आणण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. हे गवत वाळूखालून आडव्या पसरणाऱ्या खोडाने वाढत असल्याने वरून दाट दिसणारे कुरण म्हणजे प्रत्यक्षात एकाच रोपाचा विस्तार असू शकतो, आणि तसे असेल तर तिथून उचललेली शेकडो रोपे जनुकीयदृष्ट्या एकच ठरतात. कॅलिफोर्नियातील बोदेगा उपसागरात ‘झोस्टेरा मरिना’ या जातीवर झालेला आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत बोलका आहे: कलहंसांनी गवत चरल्यावर, जिथे अधिक जनुकप्ररूपे (म्हणजे जनुकांची वेगवेगळी जुळणी असलेली रोपे) एकत्र लावली होती तिथे अधिक कोंब टिकले. एरवी, म्हणजे संकट नसताना, हा फरक दिसलाच नव्हता.

प्रतिसाद १: असहमत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे ‘पोसिडोनिया ऑस्ट्रालिस’चे सुमारे 180 किलोमीटर पसरलेले कुरण हे एकच रोप असल्याचे 2022 मध्ये जाहीर झाले. त्याचे वय अंदाजे साडेचार हजार वर्षे आहे आणि ते कमी-अधिक खारटपणाच्या पाण्यात तग धरून आहे. स्थानिक परिस्थितीत मुरलेल्या वाणात दूरचे वाण मिसळून ती जुळवणूक बिघडवण्याचा धोका का पत्करावा?

धागाकर्ता: त्या रोपात गुणसूत्रांची संख्या नेहमीच्या दुप्पट आहे, म्हणजे एकाच रोपात जनुकांचा साठा अधिक आहे, हे आपण वगळलेत. असा अपवाद लागवडीचा नियम ठरू शकत नाही.

प्रतिसाद २: दोघेही अंतरावर अडकला आहात. बहुतेक बिया मातृरोपाजवळच पडतात, मात्र तुटलेले फुलोरे बियांसह तरंगत कित्येक किलोमीटर जातात. त्यामुळे शेजारची दोन कुरणे परकी आणि प्रवाहाने जोडलेली दूरची कुरणे सगोत्र असू शकतात. शिवाय रोपांऐवजी बिया का नकोत? परपरागणातून आलेले प्रत्येक बी जनुकांची नवी जुळणी असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या किनारी खाड्यांत 1999 पासून सात कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या आणि तिथे आज हजारो हेक्टर कुरण उभे आहे.

प्रतिसाद १: बियांचा मुद्दा मान्य. परंतु त्या आपल्याच प्रदेशातल्या असाव्यात, हा माझा आग्रह कायम आहे.

धागाकर्ता: त्या प्रदेशाची सीमा नकाशावरील अंतराने न आखता जनुकीय चाचणीने आखणार असाल, तर माझी हरकत नाही.