लाल चौकोन काढणं वाटतं तेवढं सोपं नाहीये

एतेल अदनान या चित्रकार बाईंची चित्रं म्हणजे चार रंगीत पट्टे आणि एक लाल चौकोन, आमचा केजीतला पोरगाही काढेल, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. फोटोत बघून मलाही अगदी असंच वाटलेलं. पण २०२१ च्या शेवटी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये तिचं सोलो प्रदर्शन लागलेलं ते बघायला गेले आणि पहिला धक्का साइझचा, बरेचसे कॅनव्हास वहीपेक्षा थोडेच मोठे, पार नाक लावून बघायचे. मग दिसतं की ब्रश नाहीच, ट्यूबमधला रंग पॅलेट नाइफने (रंग लावायच्या चपट्या सुरीने) थापलाय आणि नाइफ थांबली तिथे रंगाची बारीक कड उभी राहिलीये, ब्रेडवर थंड लोणी फासल्यावर राहते ना तशी.

चित्रांत तो डोंगरासारखा आकार दिसतो तो कॅलिफोर्नियातला माउंट तमालपाइस. जन्म बैरूतचा, पण हा एकच डोंगर बाईंनी किती वर्षं काढला, नंतर पॅरिसमध्ये बसूनसुद्धा! जगभर नाव झालं ते २०१२ च्या डॉक्युमेंटा या जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनानंतर, वय वर्षं ८७. आणि हे गुगनहाइमचं प्रदर्शन चालू असतानाच नोव्हेंबरमध्ये वारल्या.

बाकी पोरगा काढेल हे आपल्या चित्रकार वासुदेव गायतोंडेंबद्दलही ऐकलंय हो, त्यांचंही सोलो २०१४ ला याच म्युझियममध्ये झालं होतं.