मदत हवी आहे : सर्वकालीन कसोटी संघात सोबर्स की कॅलिस?

नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. त्यांच्या आवडीचा सर्वकालीन कसोटी संघ सुबक अक्षरात लिहून फ्रेम करून द्यायचाय. सदाशिव पेठेतल्या घरी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी झालीये. तिसरा ब्रॅडमन (सरासरी ९९.९४!), यष्टिरक्षक गिलख्रिस्ट, यावर वाद नाही. घोडं अडलंय सहाव्या क्रमांकावरच्या अष्टपैलूवर. खोडून खोडून तिथला कागद पार पातळ झालाय.

काका दक्षिण आफ्रिकेच्या कॅलिसवर ठाम : १३,२८९ धावा, २९२ बळी. बाबांना वेस्ट इंडिजचा सोबर्सच हवा : ८,०३२ धावा, २३५ बळी. मलाही सोबर्सच वाटतो. डावखुरा मध्यमगती, ऑर्थोडॉक्स (बोटांची) फिरकी, चायनामन (डावखुरी मनगटी फिरकी), एका माणसात तीन गोलंदाज! शिवाय कॅलिसचे बळी १६६ कसोटींतले, सोबर्सचे ९३ कसोटींतले. पण गोलंदाजीची सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा, कमी तितकी चांगली) कॅलिसची सरस, हे काकांनी काढलं की माझ्याकडे उत्तर नसतं.

वेगवेगळ्या काळातल्या अष्टपैलूंची तुलना तुम्ही कशी करता? आणि १९६६ च्या डिसेंबरात मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर सोबर्सला खेळताना पाहिलेलं तुमच्या घरी कुणी आहे का? त्यांना विचारून नक्की लिहा. गुरुवारी फ्रेमवाल्याकडे कागद द्यायचाय.