पुन: एम.एस्सी. कोल्हापुरात की पुण्यात?

ताई, मुलीचं रसायनशास्त्र पक्कं आहे पण पुण्याचा खर्च झेपणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग शिवाजी विद्यापीठ मनापासून बघा. १९६२ सालचं विद्यापीठ, २०२१ मध्ये नॅकची (विद्यापीठांचा दर्जा तपासणारी संस्था) ए++ श्रेणी मिळालेली. घराजवळ आहे म्हणून दुय्यम समजू नका. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात तिला एकदा फिरवून आणा. 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून शिकलेल्या मुली मी जवळून पाहिल्यात, त्यांची जिद्द वेगळीच असते.

वर एकांनी मुलींना फी पूर्ण माफ आहे असं लिहिलंय. २०२४ चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या पात्र मुलींसाठी आहे. एम.एस्सी. त्यात धरून चालू नका.

आणि कागदपत्रं आत्ताच! उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर. आमच्या भाचीचा दाखला वेळेत निघाला नाही, राखीव जागा हातची गेली. अजून वाईट वाटतं. वसतिगृहाचा अर्जही प्रवेशासोबतच चौकशी करून भरा. तुमच्या गारगोटीहून रोजची एसटी करून प्रॅक्टिकल सांभाळणं जड जाईल.