कार्बन रोडबाईक: ६० हजारांत काय बदलू? (मदत हवी आहे)

पणजीचा_पेडल

नमस्कार मंडळी. कार्बन रोडबाईक आहे, शिमानोचा १०५ ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच). घेतल्यापासून काहीही बदललेलं नाही. आता अपग्रेड करायचंच आहे, बजेट ६० हजारांपर्यंत. व्हीलसेट (चाकांची जोडी) घेऊ की ग्रुपसेट? एका दुकानात विचारायला गेलो तर ते नवी सायकलच गळ्यात मारायला लागले. दुसऱ्या दुकानदाराने "पार्ट मागवावे लागतील, कळवतो" म्हणून सांगितलं, त्याचा फोन अजून येतोय. चवथीच्या आधी ऑर्डर टाकायची आहे, नंतर घर पाहुण्यांनी भरतं. जाणकारांनी कृपया "आधी सर्च करा" म्हणू नये, सर्च करूनच डोकं भणाणलंय. एक काय ते सांगा.

नटबोल्ट

रिम ब्रेक की डिस्क? १०५ मध्ये ११ स्पीडची आर७००० की १२ ची आर७१००? पुढच्या चेनरिंग (पेडलजवळच्या दातेरी चकत्या) किती दातांच्या, मागे कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) कुठली? आणि मुख्य प्रश्न, चालवताना तुम्हाला त्रास कशाचा होतोय? हे कळेपर्यंत सगळी उत्तरं अंदाजपंचे.

वेगवान७०

व्हीलसेट. डोळे झाकून. मूळच्या अ‍ॅल्युमिनियम चाकांवरून ५० मिमी खोलीच्या कार्बन चाकांवर गेलो तेव्हा सायकलच नवी घेतल्यासारखं वाटलं. रायबंदर ते जुने गोवे वेग धरून बघा, मग बोलू. १०५ चांगलाच आहे, ग्रुपसेटला हात लावू नका.

पणजीचा_पेडल

@नटबोल्ट रिम ब्रेक, ११ स्पीड, टायर २५ मिमी. बाकी सगळं कंपनीचंच.
@वेगवान७० कुठली चाकं? लिंक द्या ना.

नटबोल्ट

"कंपनीचंच" यावरून काही कळत नाही हो. एकच मॉडेल वेगवेगळ्या कॅसेट घालून विकतात. मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे आणि पुढच्या दोन्ही चेनरिंगचे दात मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि लिंक मागण्याआधी एक ऐका. रिम ब्रेकवर कार्बन चाकं आणि आपल्याकडचा पाऊस यांचं जमत नाही. ओल्या कार्बन रिमवर ब्रेक उशिरा पकडतो. घाट उतरताना ब्रेक धरून ठेवला की रिम तापते, कार्बनला बांधणारं रेझिन मऊ पडतं आणि टायरच्या हवेच्या दाबाने रिमची कड बाहेर फुगते. शिवाय पॅडही कार्बनसाठीचे वेगळे लागतात. अ‍ॅल्युमिनियमवर वापरलेले पॅड चालत नाहीत, त्यांच्यात रुतलेले धातूचे कण रिम ओरखडून काढतात.

वेगवान७०

जून ते सप्टेंबर मी ट्रेनरवर (घरात जागच्या जागी सायकल चालवायचा स्टँड) असतो, कार्बन चाकं पावसात काढतंय कोण? आणि रेझिनचं तुम्ही जुनं सांगताय. हल्लीच्या रिम जास्त तापमान सोसतात. त्यात गोव्यात सपाटीच जास्त, घाट उतरणारे असे कितीसे आहेत?

साखळीकर

मी उतरतो. केरीहून वर जाणारे दर रविवारी दिसतात, बेळगावहून खाली येणारेही असतात. उतरताना वळणावर समोरून ट्रक आला की ब्रेक धरावाच लागतो, तिथे रिम नवी की जुनी हे कोण बघत बसणार?
पेडलभाऊ, तुम्ही चालवता कुठे ते सांगितलंच नाही.

सह्याद्री_रायडर

मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉनची तयारी असणार! मग चाकं बिकं विसरा, एरोबार (पुढे झुकून हात टेकवायचे दांडे) लावा. ९० किमीच्या टप्प्यात वाऱ्याचा बहुतेक अडथळा सायकलचा नसतो, आपल्या अंगाचा असतो. अंग खाली गेलं की वेळ कमी होते, आणि एरोबार चाकांच्या मानाने कितीतरी स्वस्त. आखूड बाह्यांचा घट्ट ट्रायसूटही घ्या.

पणजीचा_पेडल

स्पर्धा वगैरे काही नाही हो. रोज मिरामार, दोनापावला. कधी जुने गोवे करून येतो. आणि रविवारी जमेल तेव्हा चोर्ला घाट. वैताग तिथेच येतो. केरी सोडून चढ लागला की मागचे गिअर संपतात, पेडल अक्षरशः ढकलावं लागतं, घरी आल्यावर दोन्ही गुडघे धरतात. बरोबरचे अ‍ॅल्युमिनियमच्या सायकली घेऊन पुढे जातात, म्हणून तर अपग्रेड हवंय. चढावर कट कट आवाजही येतो. बीबी (क्रँकच्या मधली बेअरिंग) गेली असेल, तीही यातच बदलून घेईन. दात मोजले: मागे २८, पुढे ५२ आणि ३६.

नटबोल्ट

हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर एवढे प्रतिसाद वाचले असते.

तुमचा त्रास चाकांचा नाही, गिअरचा आहे. पुढे ३६, मागे २८ असताना पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.७० मीटर पुढे जाते. मागे ३४ ची चकती आली तर तीच फेरी २.२२ मीटरची होते. मिनिटाला ६० फेऱ्यांच्या लयीत आज तुम्हाला ताशी ९.७ किमी राखावे लागतात, ३४ वर ८ किमीला तीच लय मिळेल. गुडघ्यावरचा भार तिथे उतरतो. चाकांतून अर्धा किलो कमी केलात तरी चढावर एवढा फरक पडणार नाही, कारण चढताना तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या असं सगळं वजन ओढत असता.

शिमानोची एचजी७०० ही ११-३४ कॅसेट (सर्वांत लहान चकती ११ दातांची, सर्वांत मोठी ३४ ची) आणि नवी चेन घ्या. एवढंच.

रानवाट

कॅसेट कशाला? क्रँक (पेडलचे दांडे) तोच ठेवून चेनरिंग ५०/३४ च्या घाला. आर७००० ला चारही बोल्टचं वर्तुळ ११० मिमीचंच असतं, ५२/३६ काढून ५०/३४ सरळ बसतात. फ्रंट डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) जरा खाली घ्यायचा, झालं. मागे ११-२८ राहिली तर सपाटीवर जवळजवळचे गिअर मिळत राहतात. ११-३४ मध्ये ११ नंतर थेट १३, मग १५. मिरामारला वाऱ्यात हवा असतो नेमका १४, तोच नाही.

नटबोल्ट

३४/२८ म्हणजे २.५५ मीटर. २.७० वरून २.५५. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढं पुरणार नाही. १४ नसल्याची चुटपुट सपाटीवर लागेल हे मान्य, पण दुखणं चढावरचं आहे.

रानवाट

मग ११-३२ घ्या, त्यात १४ राहतो. शिवाय गुडघे म्हणजे फक्त गिअर नसतात. सॅडल खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर असेल तर मागच्या बाजूला. ६० हजार खर्च करायच्या आधी बाईकफिट (सायकल अंगाच्या मापाला जुळवणं) करून घ्या. कुठे दुखतं?

पणजीचा_पेडल

पुढच्या बाजूला, वाटीच्या खाली. फक्त चोर्ल्यानंतर. रोजच्या फेरीत काहीच नाही.

आबा_डिचोली

आमच्या तरुणपणी गिअर हा प्रकारच नव्हता. डिचोलीहून म्हापशाला त्याच जड सायकलवरून जायचो, मागे सामान बांधून. आमच्याकडे पोदेर अजून सायकलवरच येतो, मागे पावांची भली मोठी टोपली, भोंपू वाजवत वाड्यातला चढ चढतो. त्याच्या सायकलला कसलं आलंय कार्बन. मुलांनो, चालवत राहा, पाय आपोआप तयार होतात.

साखळीकर

आबा, पोदेराबद्दल आदर आहेच. पण तो सलग घाट चढत नाही, आणि चढ फार झाला तर उतरून सायकल ढकलतो. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त इथला प्रश्न वेगळा आहे.

खारावारा

सगळे चढावर बोलताय, मी दोनापावल्याचं बोलतो. समुद्रालगत रोज चालवता, तर खाऱ्या हवेने काय केलंय ते आधी बघा. सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमची असेल आणि घेतल्यापासून काढली नसेल तर आजच सैल करून बघा. कार्बन फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियम मिठामुळे गंजून अशी धरते की मग मेकॅनिकही हात लावायला घाबरतो. निघाली तर दोन्हीकडे पुसा, कार्बन पेस्ट लावा आणि टॉर्क रेंचने छापलेल्या न्यूटन मीटरलाच आवळा. हाताच्या अंदाजाने नाही.

पावसाळ्यात ट्रेनरवर चालवत असाल तर हँडलखालचे हेडसेट बेअरिंगही तपासा. घाम थेट तिथेच ठिबकतो. माझ्या खालच्या बेअरिंगचा तांबूस भुगा झाला होता, वरून काहीच दिसत नव्हतं.

नटबोल्ट

खारावारा यांच्याशी शंभर टक्के सहमत. कट कट आवाजाला हेच कारण असू शकतं. बीबी बदलण्याआधी एवढं करा: चढावर आवाज सुरू झाला की सॅडलवरून उठून पेडल मारा. आवाज थांबला तर तो सीटपोस्ट किंवा सॅडलच्या रुळांचा. उभं राहूनही येत राहिला तर मग पेडल, क्रँक, बीबी या क्रमाने बघायचं. पेडल काढून आटे पुसून ग्रीस लावणं फुकट आहे. प्रेसफिट बीबी काढण्या-घालण्यात फ्रेमला इजा होऊ शकते, त्यामुळे ती शेवटी.

वेगवान७०

ठीक, चोर्ला करायचा असेल तर कॅसेट. पण ६० हजार ठेवलेत त्यांनी. कॅसेट आणि चेनमध्ये ते संपत नाहीत. उरलेल्यात चाकं घेऊ देत की.

साखळीकर

उरलेल्यात टायर. २५ चे काढून २८ चे चांगले घ्या, कंपनीने दिलेले बहुधा जड आणि कडकच असतात. आर७००० च्या ब्रेकमध्ये २८ बसतात, पण फ्रेमच्या मागच्या खाचेत बोट घालून जागा बघून घ्या. कमी दाबावर चालवता येतात, साखळी गावापासून वरचे खड्डे हातांना कमी लागतात आणि ओल्या रस्त्यावर पकडही सुटत नाही.

सह्याद्री_रायडर

टायर घेताय तर ट्यूबलेसच घ्या. माझं पंक्चरचं नावच नाही.

साखळीकर

त्यांच्या रिम ट्यूबलेस आहेत का ते विचारलंत? नसतील तर विषय संपला. असल्या तरी आपल्या उकाड्यात सीलंट (आतून पंक्चर बुजवणारा द्रव) लवकर सुकतं, सारखं भरत राहावं लागतं. हलक्या टीपीयू (पातळ प्लास्टिकच्या) ट्यूब घ्या. २५-२८ टायरसाठी साधी ट्यूब शंभर ग्रॅमच्या आसपास भरते, टीपीयू त्याच्या निम्म्याहून कमी.

पणजीचा_पेडल

रिम ट्यूबलेस नाहीत. सॅडलवरून उठल्यावर आवाज थांबतो!! आत्ता आल्तिनोच्या चढावर जाऊन बघून आलो.
मग ११-३४ ची ऑर्डर टाकू?

नटबोल्ट

थांबा. मागच्या डिरेलरवर आतल्या बाजूने एसएस लिहिलंय की जीएस? एसएस म्हणजे आखूड पिंजरा, तो ३० दातांपर्यंतच चालतो. जीएस ३४ पर्यंत घेतो. तुम्हाला ११-२८ दिलेली आहे म्हणजे बहुधा एसएस असेल. फोनचा फ्लॅश लावून फोटो काढा, वाकून बघितलं तर दिसत नाही.

पणजीचा_पेडल

एसएस.
आता?

रानवाट

म्हणून म्हणत होते, चेनरिंग बदला, मागे ११-३० घाला. डिरेलर बदलायला नको. ३४/३० म्हणजे २.३८ मीटर. वाईट नाही.

नटबोल्ट

रानवाट, हा मार्ग चुकीचा नाही. पण दोन चेनरिंग, कॅसेट, चेन एवढं घ्यायचं तर त्याऐवजी एक जीएस डिरेलर, कॅसेट, चेन घेऊन २.२२ ला पोचता येतं. बजेट आहेच. आर७००० चा जीएस मिळाला नाही तर अल्टेग्रा आर८००० चा जीएसही याच शिफ्टरवर चालतो. ५२/३६ ला ११-३४ लावली की जीएसची ३९ दातांची क्षमता पुरेपूर वापरली जाते. म्हणून चेनची लांबी जुन्या चेनला लावून मोजू नका. मोठी चेनरिंग आणि ३४ ची चकती धरूनच मोजा, नाहीतर आखूड पडेल आणि चुकून तो गिअर टाकला की डिरेलर तुटेल.

ऑर्डर भारतातल्या विक्रेत्याकडेच टाका. बाहेरून मागवलं की कस्टम ड्यूटी लागते आणि चवथीच्या आधी हातात येण्याची खात्री नाही.

एक बारीक गोष्ट. एचजी७०० कॅसेट रोडच्या ११ स्पीड फ्रीहबवर (मागच्या चाकाचा कॅसेट बसते तो भाग) घालताना आधी १.८५ मिमीची पातळ रिंग बसवावी लागते. खोक्यात छोट्या पिशवीत असते, पटकन फेकली जाते. ती नसेल तर लॉकरिंग आवळूनही कॅसेट खडखडते.

खारावारा

शिफ्टरच्या गिअर केबल पण बदलून घ्या. ११ स्पीडच्या शिमानो शिफ्टरमध्ये केबल डोक्याजवळ आतल्या आत उसवते, तुटेपर्यंत बाहेरून कळत नाही. घाटात तुटली तर मागे ११ वर अडकाल. ब्रेक पॅडही काढून उन्हात धरा. लाल मातीचे खडे आणि अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत कण रुतलेले असतील. पिनेने उकरून काढा, निघत नसतील तर पॅड नवे घाला.

पणजीचा_पेडल

जीएस डिरेलर, ११-३४, चेन, केबल, पॅड, २८ चे टायर आणि टीपीयू ट्यूब. कार्टमध्ये टाकलं. अर्धंही बजेट संपलेलं नाही. सीटपोस्ट दोन हातांनी पिळल्यावर निघाली, आत पांढरी भुकटी जमली होती. पुसून ठेवलीय, कार्बन पेस्ट आली की लावतो. सगळ्यांना देव बरें करूं.
बसवून कोण देईल? @नटबोल्ट तुमच्याकडे फोंड्याला येऊ का?

नटबोल्ट

या, रविवार सोडून. येताना जुनी चेनही आणा, गेजने झीज मोजू. ०.५ च्या पुढे गेली असेल तर पुढच्या चेनरिंगचे दातही बघावे लागतील.

आबा_डिचोली

नातवासाठी २० इंची सायकल हवी आहे, वापरलेली चालेल. डिचोली, साखळी, म्हापसा कुठेही येऊन नेईन. कुणाकडे असेल तर इथेच लिहा.