गोव्यात तुमचं मन कुठे गप्प होतं? अनुभव लिहा

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीच धागा काढायचा होता, राहून गेला. विषय असा की झाडापेडात, नदीवर, शेतात असताना मन एकदम गप्प झालं किंवा कुणीतरी सोबत आहे असं वाटलं, त्याला देव म्हणा नको म्हणा, असं तुम्हाला कधी झालंय का. फक्त दूधसागर आणि सनसेटची वर्णनं नकोत बाबांनो, ती सगळ्यांकडे आहेत. एक जागा, एक दिवस, काय झालं तेवढं लिहा.

मीच सुरुवात करते. सत्तरी तालुक्यात केरीला आजोबाची राई आहे, म्हणजे देवराई, देवाच्या नावाने राखलेलं रान. कॉलेजला बॉटनी होती तेव्हा आमची बॅच तिकडे नेली होती. मी हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या पानांचा संग्रह) एक पान तोडलं तर सोबत आलेले गावातले काका हळूच म्हणाले, "ता थंयच दवर गे बाय," म्हणजे ते तिथेच ठेव. मी म्हटलं काका एकच तर आहे. तर म्हणे एक काय नि शंभर काय, आम्ही इथलं सुकून पडलेलं लाकूडसुद्धा उचलत नाही. मी पान ठेवलं पण मनात म्हटलं काय ही अंधश्रद्धा. अकरा वर्षांनी परत गेले, मध्ये बरंच होऊन गेलेलं, लग्न मोडलं, नोकरी सोडली. चपला काढून आत गेले. भर दुपारी संध्याकाळसारखा उजेड आणि खाली पाचोळ्याचा एवढा जाड थर की आपलं पाऊल आपल्यालाच ऐकू येईना. देवळात जाताना माझ्याकडे कायम यादी असते, हे दे ते दे. तिथे मागावंसंच वाटेना, कारण तिथला नियमच मुळी काही न्यायचं नाही असा. अर्धा तास बसले नि उठून आले. आता तुम्ही लिहा.

—

मी धार्मिक वगैरे नाही हे आधीच सांगतो. चोडण बेटावर राहतो, सगळी नोकरी पणजीला, रोज फेरीबोटीने रायबंदर आणि परत. रिटायर झालो नि ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर विचारतात टेन्शन कसलं, आता सांगू काय, कसलंच नाही. बायको म्हणाली, तुम्हाला फेरी आठवतेय, दुसरं काही नाही. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा काही काम नसताना जातो नि त्याच बोटीने परत येतो. इंजिनाची धडधड, डिझेलचा वास, स्कूटरवाल्यांची भांडणं, यात शांती कुठली म्हणाल. पण भरती उतरत असली की खारफुटीची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात आणि त्यातल्याच एकावर खंड्या बसलेला असतो. सलीम अली अभयारण्य तिथेच आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं, आत मी आयुष्यात एकदाच गेलो असेन. मला ती दहा मिनिटं पुरतात.

—

माझं इथे बसतं की नाही माहीत नाही. मी डिचोली तालुक्यातला, खनिजाचे दोन ट्रक होते. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचीही बंदी आली. ट्रक अंगणात, चाकाला दगड लावून, आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच. झोप गेली. रात्री दोन-अडीचला उठून ट्रकच्या पायरीवर बसायचो, बायको खिडकीतून बघायची पण काही बोलायची नाही. अशाच एका रात्री वाटलं काहीतरी वाजतंय. आधी वाटलं नळ चालू राहिला. उठून बघितलं, नळ बंद. मग कळलं की घरामागच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाटाचं पाणी वाहतंय. लहानपणी त्याच आवाजावर झोपायचो आम्ही भावंडं आणि मध्ये बारा-पंधरा वर्षं तो ऐकलाच नव्हता, म्हणजे दिवसा गाड्यांचा आवाज आणि रात्री मी मेल्यासारखा पडायचो, पाणी तिथेच होतं. त्या रात्री पाटात पाय सोडून उजाडेपर्यंत बसलो. अशी झोप लागली मग की दुपारी एकला उठलो.

गैरसमज नको, खाणी बंद पडल्याचा मला आनंद झाला नाही. एक ट्रक भंगाराच्या भावात गेला. पण हेही खरं की पुढच्या उन्हाळ्यात दारातल्या फणसाची पानं हिरवी दिसली, एरवी डिसेंबर सरला की ती तांबडी व्हायची धुळीने, थेट पाऊस पडेपर्यंत. मध्ये खाणी सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. आता पुन्हा ट्रक घालशील का असं कुणी विचारू नका, मला उत्तर देता येत नाही. कर्ज आणि तो पाण्याचा आवाज दोन्ही एकाच रात्रीचे आहेत माझ्यासाठी.

—

दादा, बसतं हो. बसतं म्हणजे काय.

—

मी माहेरची कोल्हापूरची, लग्न होऊन पेडण्याला आले. पहिली दोन वर्षं इथलं काहीच आपलं वाटेना, पाऊस तर नकोच. तिसऱ्या चवथीला सासूबाई म्हणाल्या, चल, माटोळीचं सामान आणू. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळंफुलं बांधतात.) बाजारात सगळं मिळतं पण आईंना ते चालत नाही. डोंगरावर चढलो. त्या दाखवतील ते मी तोडायचं आणि नाव म्हणायचं, शाळेसारखं. हे कवंडळ, लालबुंद पण खायचं नाही. ही कांगणी. ह्या घागऱ्या, सुकलेल्या शेंगा, हलवल्या की खुळखुळ वाजतात. एका ठिकाणी झुडपाला तीनच घोस होते, मी तिन्ही तोडायला गेले तर हात धरला, एक तोड, बाकीचे राहूदेत. वर बघून नमस्कारही केला त्या झुडपाला, अगदी शेजारणीकडून वाटी उसनी घेतल्यासारखा. रात्री सगळे झोपले, मी समईत तेल घालायला उठले, पंखा चालू होता आणि वर माटोळीतल्या घागऱ्या वाजत होत्या, अगदी बारीक. मी तिथेच खाली चटईवर आडवी झाले. सकाळी आईंनी विचारलं इथे का झोपलीस, म्हटलं माहीत नाही.

—

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं पण माझं उलटं आहे. पैसे भरून तीन दिवसांच्या मौन शिबिराला गेलो होतो, किनाऱ्याजवळ, जागेचं नाव सांगत नाही. डोळे मिटून लाटा ऐका म्हणाले. मी लाटा ऐकत ऑफिसच्या मेल मनात टाइप करत होतो. मग मित्रांबरोबर जुलैत मोलेच्या जंगलाच्या बाजूला, तर जळवा. शांती नाही पण एक सांगतो, जळू काढताना दुसरा कसलाही विचार डोक्यात येत नाही. सध्या एवढीच प्रगती.

—

मीठ न्यायचं ना रे सोबत!

—

आमचं गाव दुर्भाट. पौष अमावास्येला खाजनाच्या (खाडीलगतच्या, बांध घालून राखलेल्या शेताच्या) बांधावर चिखलाचा मानगे करतात, म्हणजे मगर. मानगे थापणी म्हणतात. कुंभारजुवेच्या खाडीत खऱ्या मगरी आहेत आणि आमची शेती बांधाच्या अलीकडे. बांध फुटला, मानशीचं (पाणी आतबाहेर सोडायच्या झडपेचं) दार गेलं की खारं पाणी शेतात, मग पीक विसरा. मी आयटीत, वर्षातून एकदाच चिखलात हात घालतो. गेल्या वर्षी शेपटीवर खवले उठवायचं काम मला दिलं. चिखल थंडगार, बोटांनी चिमटे घेत जायचं, बाबा शेजारी बसून डोळे करत होते, आमचं दोघांचं तसं फारसं पटत नाही. तासभर कुणी कुणाशी बोललं नाही. मग हळद-पिंजर (कुंकू), फुलं वाहिली. जिची भीती वाटते तिलाच हाताने घडवायचं आणि वर नमस्कार करायचा, हे मला कुठल्याच मेडिटेशन ॲपने शिकवलं नव्हतं.

—

मोरजीहून. आमच्याकडे कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले, हे सगळ्यांना माहीत आहे. घरट्याभोवती कुंपण घालून वनखात्याची माणसं राखण करतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. मार्चमधल्या एका रात्री मी तिथेच होतो, टॉर्च बंद ठेवायला सांगितलेली. वाळू आतून उकळल्यासारखी हलायला लागली आणि एकेक डोकं वर. मी मोजत उभा होतो. ती उजेडाकडे जातात, समुद्रावरच्या उजेडाकडे जायला हवीत, पण मागे एका शॅकचे (किनाऱ्यावरच्या हॉटेलचे) दिवे पेटलेले आणि सात-आठ पिल्लं भलतीकडेच वळली. दोघंजण चादर आडवी धरून उभे राहिलो, सावली पाडायला. हात भरून आले. हळूहळू ती वळली. शेवटच्याला लाटेने तीनदा परत आणून टाकलं, चौथ्यांदा नाही आणलं.

घरी आलो तर आई जागी. किती गेली रे? म्हटलं अठ्ठ्याऐंशी. म्हणाली बरं, पाय धू, पेज गरम आहे.