पैसे फोर-केचे, चित्र चारशे ऐंशीचं: तुमचे अनुभव सांगा

परवा कपाट आवरताना २०२० सालच्या एप्रिलचं पेपरवाल्याचं बिल सापडलं. लॉकडाऊनमध्ये अंक आले नाहीत तेवढ्या दिवसांचे पैसे त्याने पेन्सिलीने वजा केले होते. मी मागितले नव्हते. सहज म्हणून त्याच महिन्याचं बँकेचं स्टेटमेंट उघडलं. सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या तीन सेवांचे पैसे ठरल्या तारखेला, पूर्णच्या पूर्ण कापलेले. आणि त्या महिन्यात आमच्या टीव्हीवर नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं!

थोडी उजळणी. मार्च २०२० मध्ये युरोपीय आयोगाचे तेव्हाचे आयुक्त थिएरी ब्रेतों यांनी इंटरनेटवरचा भार हलका करा असं आवाहन केलं. त्यानंतर नेटफ्लिक्सने तिथे ३० दिवसांसाठी बिटरेट (दर सेकंदाला येणारी चित्राची माहिती) खाली आणला, वाहतूक सुमारे २५ टक्क्यांनी कमी होईल इतका. यूट्यूबही साध्या चित्रावर आलं. आपल्याकडे २४ मार्चला मोठ्या कंपन्यांची बैठक झाली आणि मोबाइल नेटवर्कवर १४ एप्रिलपर्यंत ४८० पीच्या, म्हणजे साध्या चित्राच्या, वर काही दाखवायचं नाही असं ठरलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळं ऑफिस, सगळी शाळा एकाच तारेवर आली होती. मला टोचतं ते एवढंच, की माल कमी दिला तर दाम कमी घ्यायचा, हे पेपरवाल्याला कळतं.

तेव्हाचे आणि आत्ताचेही अनुभव लिहा. कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात. प्लॅन कुठला, बघता कशावर आणि पुढे काय केलंत, ते मात्र जरूर सांगा.

डोंबिवलीहून
आमच्याकडे वेगळंच रामायण. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालेलं. मार्चअखेरीस एका रात्री ते म्हणाले, "सूनबाई, परत धूसर दिसायला लागलं गं." दवाखाना बंद, डॉक्टरांचा फोन लागेना. चार दिवस घरात सुतक. थेंब दुप्पट घालू का, चष्मा बदलू का, नाना प्रश्न. शेवटी मुलाने त्यांच्यासमोर कॅलेंडर धरलं. तिथी, नक्षत्र, मागच्या पानावरचं राशिभविष्य, सगळं घडाघडा वाचलं त्यांनी! मुलगा म्हणाला, "आजोबा, मोतीबिंदू टीव्हीला झालाय." तोवर आम्हाला कुणीही एका ओळीचा मेल पाठवला नव्हता. पैसे कापल्याचा मेसेज मात्र आला, वेळेवर.

म्युनिकहून
इथे बातम्यांमध्ये आधी सांगितलं गेलं, त्यामुळे धक्का बसला नाही. मेच्या मध्यापासून चित्र हळूहळू सुधारलं. मी ग्राहकसेवेला लिहिलं होतं की सगळ्यात वरचा प्लॅन आहे, एका महिन्याचा फरक परत द्या. उत्तर आलं की तुम्हाला फोर-के, म्हणजे सगळ्यात बारीक चित्र, अजूनही मिळतंय, फक्त बिटरेट कमी आहे. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे हो. पण हे म्हणजे लिटरची पिशवी तीच, फक्त दुधात पाणी जरा जास्त!

अंधेरीहून
वरच्या दुधाच्या उदाहरणाला माझं अनुमोदन. मी सिनेमांच्या डीआयचं, म्हणजे रंग-उजेड जुळवण्याचं काम करते. फोर-के, १०८० हे आकडे चित्रात ठिपके किती ते सांगतात. प्रत्येक सेकंदाला त्या ठिपक्यांसाठी किती माहिती येते, तो बिटरेट. ठिपके तेवढेच ठेवून माहिती घटवली की पहिला बळी अंधाराचा. भर उन्हातला क्रिकेटचा प्रसंग तरून जातो, पण कंदिलाच्या उजेडातला वाडा संपतो. काळ्या रंगाच्या पायऱ्या पडतात, धुक्याचे चौकोन होतात. एका प्रसंगात भिंतीच्या सावलीत उभा असलेला माणूस दिसावा की न दिसावा, यावर आम्ही दोन दिवस घालवले होते. घरी लावून पाहिलं तर सावलीच नाही, नुसता कोळशाचा चौकोन. माणूस कुठला! आई म्हणाली, "छान आहे गं, पण लाइट नव्हते का तुमच्याकडे?"

सावंतवाडीजवळून
मंडळी, रागावू नका. तुमचं दुःख वाचून हसू येतं. त्या उन्हाळ्यात मुंबईहून गावी आलो तेव्हा रेंजसाठी काजूच्या बागेपर्यंत चढायचो. दिवसाला दीड जीबी. एचडीत एक तासाला तीन जीबीपर्यंत जातात, म्हणजे अर्ध्या तासात दिवस संपला. ४८० पीने आमचा सिनेमा मध्यंतराच्या पुढे गेला. काकीचं म्हणणं, "माका माणसां ओळखाक इली की झाला." मात्र पैशांचं म्हणाल तर पटतं. आम्हीही तेवढेच भरत होतो.

नागपूरहून
शेजाऱ्यांच्या डिशवर विकेट पडते, ते ओरडतात, आमचा बॉलर अजून रनअपवर. त्यात चेंडू दिसत नाही. बाकी मजेत.

कोथरूडहून
तक्रार करण्याआधी आपलं यंत्र तपासा, कळकळीची विनंती. अँड्रॉइड फोनमध्ये वाइडवाइन नावाची, सिनेमाची चोरून नक्कल होऊ नये म्हणूनची कुलूपव्यवस्था (डीआरएम) असते. तिची पातळी एल-१ असेल तर एचडी, एल-३ असेल तर बऱ्याच सेवा ४८०च्या आसपासच थांबवतात, मग प्लॅन कितीही महाग असो. डीआरएमची माहिती दाखवणारं फुकट अ‍ॅप टाकलं की पातळी कळते. लॅपटॉपवर ब्राउझर बदलला की चित्र बदलतं, जुना प्रोजेक्टर जोडला की तेही घसरतं. आता माझी तक्रार: हे सगळं मदत-पानाच्या पोटात कुठेतरी लिहिलेलं असतं. पैसे घेताना यंत्र कुठलं आहे ते त्यांना दिसत असतं. तेव्हा का नाही सांगत?

नाशिकहून
मी १९१५ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, गेल्या वर्षी. घरी शंभर एमबीपीएसचा फायबर, वेग मोजलेले स्क्रीनशॉट, टीव्हीचं मॉडेल, सगळं जोडलं. कंपनीने अटींमधलं वाक्य पाठवलं: दर्जा यंत्र, ठिकाण आणि इंटरनेटवर अवलंबून राहील. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, हे मला माहीत आहे. पण काही शे रुपयांसाठी तारखा कोण सांभाळणार, आणि हे त्यांनाही माहीत आहे. दोनदा पुन्हा लिहिल्यावर एक महिना फुकट मिळाला. चित्र तसंच.

धागाकर्ता
कोथरूडकर, तुमचं ऐकून फोन तपासला. एल-३. दोन वर्षं मी रोज रात्री याच फोनवर बघतोय, सगळ्यात वरच्या प्लॅनचे पैसे भरून. टीव्ही बायकोच्या ताब्यात असतो. आज खालच्या प्लॅनवर आलो. बायकोने जेवताना विचारलं, "टीव्ही असा का दिसतोय रे?" मी अजून काही बोललेलो नाही.